घरी जुळवलेला मॅकओएस संगणक सुरू होत नसेल तर: दोष शोधण्याची क्रमवार पद्धत

‘मॅक चालू होईना’ ही तक्रार ऐकायला एकच असली, तरी तिच्यामागे तीन अगदी वेगळे प्रसंग असू शकतात. बटण दाबल्यावर पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच येत नाही, हा पहिला. मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह दिसते, पण डिस्क निवडण्याची यादीच येत नाही, किंवा यादी आल्यावर एखादा इंग्रजी संदेश उमटून सगळे ठप्प होते, हा दुसरा. यादीतून मॅकओएस निवडल्यावर सफरचंदाचे चिन्ह येते, खालची पट्टी थोडी सरकते आणि तिथेच थांबते किंवा संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो, हा तिसरा. पहिल्या प्रसंगात दोष यंत्राचा असतो, दुसऱ्यात बायोसचा (मदरबोर्डमधील सुरुवातीच्या प्रोग्रामचा) किंवा बूटलोडरचा (मॅकओएस सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) असतो, आणि तिसऱ्यात मॅकओएसला आपल्या यंत्राची जी माहिती पुरवलेली असते, तिच्यात बहुधा काहीतरी उणे असते. गाडी नेमकी कोणत्या टप्प्यावर अडली, हे ठरवल्याशिवाय एकाही फाइलला हात लावू नये, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे. बहुतेक बिघाड मुळात लहान असतात. चार ठिकाणी एकदम बदल केल्यामुळे ते मोठे होतात.

हे विवेचन इंटेल प्रोसेसर आणि ओपनकोअर हा बूटलोडर असलेल्या यंत्रांसाठी आहे. मराठवाड्यात अशी यंत्रे मुख्यतः लग्नाच्या चित्रीकरणाचे संपादन करणाऱ्या स्टुडिओंत आणि हौशी मंडळींकडे आढळतात, कारण फायनल कट प्रो हे संपादनाचे सॉफ्टवेअर विंडोजवर चालत नाही. ॲपलच्या परवान्यानुसार मॅकओएस फक्त ॲपलने बनवलेल्या संगणकांवर वापरण्याची मुभा आहे, हे ज्याने त्याने समजून घ्यावे. अशा यंत्राला ॲपलचा आधार मिळत नाही आणि दोष शोधण्याची सगळी जबाबदारी मालकावर राहते. पुढे सेटिंगांची नावे देवनागरीत दिली आहेत; प्रत्यक्ष कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे ओपनकोअरची सगळी सेटिंगे जिच्यात असतात त्या फाइलमध्ये, ती रोमन लिपीत, लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकासह तंतोतंत असावी लागतात.

आधी वीज आणि यंत्र

पडद्यावर काहीच उमटत नसेल, तर मॅकओएसचा विचारही करू नये. बोर्डावर रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स आणि बूट यांसाठी चार छोटे दिवे असतील, तर कोणता दिवा पेटून राहतो ते पाहावे. रॅमचा दिवा पेटलेला राहिला, तर वायर भिंतीतून काढून, पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज उतरवावी, रॅमच्या पट्ट्या काढाव्यात, त्यांचे सोनेरी टोक कोरड्या मऊ कापडाने पुसावे आणि एकच पट्टी बसवून पाहावी. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ कॅबिनेटमध्ये इतकी साचते की रॅमच्या खाचा आणि प्रोसेसरचा हीटसिंक वर्षातून एकदा साफ करणे भागच आहे. संगणक सुरू होऊन मिनिटाभरात बंद पडत असेल, तर बायोसमध्ये प्रोसेसरचे तापमान पाहावे. हीटसिंक सैल झाला असेल किंवा पेस्ट वाळली असेल, तर ते तिथेच भराभर चढताना दिसते.

घराच्या इन्व्हर्टरवर संगणक जोडलेला असेल, तर इन्व्हर्टर यूपीएस मोडमध्ये आहे का ते तपासावे. साध्या मोडमध्ये मुख्य वीज जाऊन बॅटरी सुरू होईपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. मॅकओएसचे अपडेट चालू असताना असे झाले, तर एपीएफएस (मॅकओएसची फाइल-व्यवस्था) असलेल्या डिस्कवरील नोंदी बिघडू शकतात. अशा वेळी रिकव्हरीत (मॅकओएसच्या दुरुस्ती-विभागात) जाऊन डिस्क युटिलिटीतील फर्स्ट एड चालवावे. प्रथम मुख्य व्हॉल्यूमवर, नंतर कंटेनरवर आणि शेवटी संपूर्ण डिस्कवर.

आता मदरबोर्डवरील सेलकडे वळू. त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जाते, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात जास्त छळतो. सीआर २०३२ या नाण्याएवढ्या सेलचा दाब नवा असताना ३ व्होल्ट किंवा किंचित जास्त असतो. भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायमधून) बोर्डाला थोडी वीज मिळत राहते, त्यामुळे सेलवर ताण पडत नाही. परंतु विजांच्या आणि व्होल्टेजच्या भीतीने रात्री मुख्य स्विच बंद करण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि मग रात्रभर घड्याळ फक्त सेलवर चालते. लातूरच्या एका स्टुडिओतील यंत्र दिवसभर कितीही वेळा पुन्हा सुरू केले तरी बिनतक्रार चालायचे आणि रोज सकाळी मात्र एकाच ओळीवर अडायचे. मालकाने केक्स्ट (मॅकओएसचे ड्रायव्हर) बदलून पाहिले, मॅकओएस नव्याने टाकण्याची तयारीही केली. बायोस उघडल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसली आणि ‘अबव्ह फोर-जी डिकोडिंग’ हे सेटिंग आपोआप बंद झालेले होते. मल्टिमीटरवर सेलने २.३ व्होल्ट दाखवले. नवा सेल बसवून सेटिंगे पुन्हा लावल्यावर यंत्र पूर्ववत झाले. ओपनकोअरच्या एकाही फाइलला हात लावावा लागला नाही.

इथे एक फरक नीट ध्यानात घ्यावा. मुख्य वीज बंद केल्यानंतरच बायोसची सेटिंगे पुसली जात असतील, तर दोष सेलचा आहे. वीज चालू असूनही मॅकओएसमधून रीस्टार्ट केल्यावर किंवा स्लीपमधून उठवल्यावर बायोस सेफ मोडमध्ये जात असेल, तर सेल बदलून काही उपयोग नाही. तेव्हा मॅकओएसचा घड्याळाचा ड्रायव्हर बोर्डाच्या सीमॉस स्मृतीत, म्हणजे बायोसची सेटिंगे राहतात तिथे, अशा जागी लिहीत असतो की बायोसला ती स्मृती खराब झाल्यासारखी वाटते. त्यासाठी ओपनकोअरच्या कर्नल विभागातील ‘डिसेबलआरटीसीचेकसम’ हा क्वर्क (यंत्रातील विसंगती सांभाळून घेणारे सेटिंग) चालू करावा.

बायोसची सेटिंगे

सेल बदलल्यावर, बायोस अपडेट केल्यावर किंवा सीमॉस क्लिअर केल्यावर सर्व सेटिंगे मूळपदावर जातात. म्हणून यंत्र चांगले चालत असतानाच बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. फास्ट बूट, सिक्युअर बूट, सीएसएम, सिरीयल पोर्ट आणि सीएफजी लॉक ही पाच सेटिंगे बंद असावीत. अबव्ह फोर-जी डिकोडिंग आणि एक्सएचसीआय हँड-ऑफ चालू असावीत. साटा मोड एएचसीआय असावा. तो रेड किंवा इंटेल आरएसटीवर गेला, तर मॅकओएसला साटा डिस्क दिसत नाही. अंतर्गत ग्राफिक्स वापरत असल्यास डीव्हीएमटी ६४ एमबी ठेवावे. काही बोर्डांवर सीएफजी लॉकचा पर्याय दिलेलाच नसतो. अशा वेळी ओपनकोअरमधील ‘ॲपलएक्ससीपीएमसीएफजीलॉक’ हा क्वर्क चालू ठेवला की काम भागते. रिसायझेबल बार चालू ठेवायचा असेल, तर ओपनकोअरमधील ‘रिसाइझॲपलजीपीयूबार्स’ची किंमत उणे १ ऐवजी ० करावी लागते, आणि हे न जमल्यास तो बायोसमध्येच बंद ठेवलेला बरा.

बूटलोडरपाशी अडले तर

बायोसच्या बूट यादीत ओपनकोअर दिसतच नसेल, तर ओपनकोअरच्या फाइली असलेला ईएफआय फोल्डर कुठे आहे ते पाहावे. तो एफएटी ३२ विभागाच्या थेट मुळाशी असावा आणि त्याच्या आत ‘बूट’ व ‘ओसी’ असे दोन फोल्डर असावेत. कॉपी करताना ईएफआयच्या आत आणखी एक ईएफआय तयार होणे ही नेहमीची चूक आहे. त्याच संगणकावर विंडोज असेल, तर तिच्या अपडेटनंतर बूटक्रम बदललेला असू शकतो. ‘लाँचरऑप्शन’ला ‘फुल’ केल्यास ओपनकोअर स्वतःची नोंद बायोसमध्ये कायम ठेवतो.

ओपनकोअरची यादी आली पण तीत मॅकओएस नसेल, तर ‘स्कॅनपॉलिसी’ ० आहे का आणि ड्रायव्हर्समध्ये एचएफएस प्लसचा ड्रायव्हर आहे का, हे पाहावे. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह या ड्रायव्हरशिवाय ओळखला जात नाही. सिक्युरिटी व्हायलेशनचा संदेश आला, तर ‘सिक्युअरबूटमॉडेल’ तात्पुरते ‘डिसेबल्ड’ करावे. ओपनरनटाइम विसंगत असल्याचा संदेश आला, तर ओपनकोअर आणि ओपनरनटाइम या दोन फाइली वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या आहेत, असे समजावे. आवृत्ती बदलायची तर बूट, ओपनकोअर आणि सोबतचे ड्रायव्हर एकत्रच बदलावेत आणि कॉन्फिग फाइलही नव्या आवृत्तीच्या सॅम्पल फाइलशी ताडून पाहावी. हे काम नुसत्या नजरेने करू नये. ओपनकोअरच्या युटिलिटीज फोल्डरमध्ये ‘ओसीव्हॅलिडेट’ हे साधन मिळते. त्याला कॉन्फिग फाइल दिली की कोणती किल्ली सुटली आणि कोणती किंमत चुकीच्या प्रकारची आहे, हे ते क्षणात सांगते.

प्रत्येक बदलानंतर एकदा एनव्हीरॅम (बूटची सेटिंगे साठवणारी बोर्डावरील स्मृती) रीसेट करावे. यादीत हा पर्याय दिसत नसेल, तर स्पेस बार दाबावा. तरीही आला नाही, तर नव्या आवृत्त्यांत त्यासाठी ‘रीसेटएनव्हीरॅमएंट्री’ हा स्वतंत्र ड्रायव्हर जोडावा लागतो. काही बोर्डांवर या रीसेटने बूटक्रमही पुसला जातो आणि तो बायोसमधून पुन्हा लावावा लागतो, हे माहीत असलेले बरे.

सफरचंदानंतर अडले तर: अक्षरे वाचायला शिकणे

सफरचंदाचे चिन्ह आणि सरकणारी पट्टी पाहून दोष कळत नाही. त्यासाठी बूट-आर्ग्समध्ये (कॉन्फिग फाइलमधून मॅकओएसला सुरू होताना दिल्या जाणाऱ्या सूचनांत) तीन गोष्टी घालाव्यात: ‘-व्ही’, ‘कीपसिम्स=१’ आणि ‘डीबग=०एक्स१००’. पहिल्याने चिन्हाऐवजी अक्षरांच्या ओळी दिसतात, दुसऱ्याने कर्नल पॅनिकच्या (मॅकओएसचा गाभा कोसळल्याच्या) मजकुरात आकड्यांऐवजी नावे येतात, आणि तिसऱ्याने पॅनिक झाल्यावर संगणक लगेच रीस्टार्ट न होता मजकूर पडद्यावर राहतो. ओळी फार भराभर सरकत असतील, तर मोबाइल एखाद्या डब्याला टेकवून स्लो-मोशनमध्ये चित्रण करावे आणि नंतर ते एकेक चौकट पुढे नेत पाहावे. पॅनिकच्या मजकुरात शेवटच्या ओळीपेक्षा ‘पॅनिक’ या शब्दाने सुरू होणारी ओळ आणि त्याखालील बॅकट्रेसमधील (कोसळताना काय चालू होते त्या यादीतील) केक्स्टांची नावे महत्त्वाची असतात. तिथे आपण बाहेरून टाकलेल्या एखाद्या केक्स्टचे नाव दिसले, तर त्यालाच बंद करून पाहावे. केक्स्टांचा क्रमही जपावा लागतो. लिलू सर्वांत वर असावा. व्हॉटएव्हरग्रीन आणि ॲपलएएलसी त्याच्यावर अवलंबून असल्याने त्याच्यानंतरच यावेत.

बूट सुरू होताच ‘एक्झिटबीएस स्टार्ट’ अशी अक्षरे येऊन सगळे थांबले, तर कर्नलचे काम अजून सुरूच झालेले नसते, म्हणून ग्राफिक्स किंवा यूएसबीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. इथे बूटर विभागातील क्वर्क तपासावेत. जुन्या पद्धतीच्या फर्मवेअरवर ‘एनेबलराइटअनप्रोटेक्टर’ चालू लागतो. इंटेलच्या ८व्या-९व्या पिढीपासूनच्या बोर्डांवर सहसा तो बंद ठेवून ‘रीबिल्डॲपलमेमरीमॅप’ आणि ‘सिंकरनटाइमपरमिशन्स’ चालू करावे लागतात. झेड ३९० वर ‘प्रोटेक्टयूईएफआयसर्व्हिसेस’ लागतो, तर झेड ४९० वर ‘सेटअपव्हर्च्युअलमॅप’ बंद ठेवावा लागतो. जुन्या बोर्डासाठी कोणी तयार केलेली कॉन्फिग फाइल नव्या बोर्डावर जशीच्या तशी वापरली, तर यंत्र हमखास इथेच अडते. दुसऱ्याचा ईएफआय फोल्डर उतरवून घेणे सोपे वाटते, पण त्यात कोणता बदल कशासाठी केला आहे हे आपल्याला ठाऊक नसते आणि पुढच्या बिघाडाच्या वेळी आपण अंधारात असतो. म्हणून सॅम्पल फाइलपासून स्वतःची कॉन्फिग फाइल तयार करण्याचे कष्ट एकदा घ्यावेतच.

‘पीसीआय कॉन्फिगरेशन बिगिन’ या ओळीवर अडल्यास आधी अबव्ह फोर-जी डिकोडिंग पाहावे. बायोसमध्ये ते नसेल किंवा चालू केल्यावर वेगळाच त्रास होत असेल, तरच बूट-आर्ग्समध्ये ‘एनपीसीआय=०एक्स२०००’ घालावे; दोन्ही उपाय एकाच वेळी करू नयेत. ३०० मालिकेच्या आणि त्यापुढील अनेक बोर्डांवर याच ठिकाणी घड्याळाचा प्रश्नही येतो. तिथे एडब्ल्यूएसी नावाचे नवे घड्याळ असते, मॅकओएसला मात्र जुने आरटीसी हवे असते. एसएसडीटी-एडब्ल्यूएसी ही फाइल जुने घड्याळ जागे करते. एसएसडीटी-ईसी नसल्यासही या टप्प्यावर यंत्र थांबू शकते. या फाइली एसीपीआय फोल्डरमध्ये नुसत्या ठेवून भागत नाही, कॉन्फिग फाइलमध्ये त्यांची नोंद असावी लागते. कॉन्फिग फाइल संपादित करणाऱ्या प्रॉपरट्री या साधनातील ‘क्लीन स्नॅपशॉट’ ही आज्ञा ती नोंद आपोआप करते.

‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ ही ओळ किंवा गोलात तिरकी रेघ असलेले निषेधाचे चिन्ह आले, तर ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे तीच मॅकओएसला सापडत नाही, असा त्याचा अर्थ आहे. इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर असेल, तर दोष बहुधा यूएसबीचा असतो. मॅकओएस एका कंट्रोलरमागे १५ पोर्टच मोजते, आणि यूएसबी ३ चा एक सॉकेट दोन पोर्ट म्हणून धरला जातो, त्यामुळे ही मर्यादा कधी ओलांडली हे कळतही नाही. मर्यादा उठवणारा ‘एक्सएचसीआयपोर्टलिमिट’ क्वर्क मॅकओएस ११.३ पासून भरवशाचा राहिलेला नाही. तात्पुरता उपाय म्हणून पेनड्राइव्ह मागच्या काळ्या, यूएसबी २ च्या सॉकेटमध्ये लावावा. कायमचा उपाय म्हणजे विंडोजमध्ये यूएसबीटूलबॉक्स चालवून, एकेका सॉकेटमध्ये पेनड्राइव्ह लावत आपल्या बोर्डाचा पोर्ट-नकाशा तयार करणे. मॅकओएस आधीपासून अंतर्गत डिस्कवर असूनही हीच ओळ येत असेल, तर साटा मोड आणि केबल पाहावी. एनव्हीएमई डिस्कांपैकी सॅमसंगची पीएम ९८१ मॅकओएसवर पॅनिकसाठी कुप्रसिद्ध आहे. ती बदलणेच हिताचे.

मॅकओएसची ही आवृत्ती या यंत्रावर चालत नाही, असा संदेश आला, तर एसएमबायोसमधील मॉडेल, म्हणजे आपले यंत्र मॅकओएसला जो मॅक म्हणून दाखवले जाते ते, त्या आवृत्तीसाठी जुने आहे. उदाहरणार्थ, आयमॅक १९,१ हे मॉडेल सिक्वोया या आवृत्तीपर्यंतच चालते. त्यापुढच्या टाहोसाठी ते उपयोगाचे नाही.

चित्रच गेले तर

अक्षरे व्यवस्थित सरकतात, ‘जीआयओस्क्रीनलॉक’ अशी ओळ येते आणि पडदा काळा होतो, तेव्हा मॅकओएस बहुधा सुरू झालेले असते. फक्त चित्र बाहेर पडत नसते. सर्वप्रथम केबल पाहावी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असताना केबल मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये लावलेली सापडते, असे वारंवार घडते. जुन्या मॉनिटरच्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलवर नव्या इंटेल ग्राफिक्ससोबत विसंबू नये. डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआय वापरावे, आणि एका सॉकेटवर चित्र न आल्यास दुसऱ्यावर पाहावे. त्यानंतर सीएसएम खरोखर बंद आहे ना, हे पुन्हा तपासावे. एएमडीच्या आरएक्स ५००० आणि ६००० मालिकेतील कार्डांसाठी ‘एजीडीपीमॉड=पिकेरा’ हा बूट-आर्ग लागतो.

कार्डच चालण्यासारखे नसेल, तर मात्र कोणतेही सेटिंग उपयोगी पडत नाही. एनव्हिडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल कार्डांचा आधार हाय सिएरावर, म्हणजे १०.१३ वर संपला, आणि ट्युरिंगपासूनच्या आरटीएक्स कार्डांना मॅकओएसचा आधार कधीच मिळाला नाही. डेस्कटॉपवर इंटेलचे अंतर्गत ग्राफिक्स १०व्या पिढीपर्यंतच चालते. ११व्या पिढीपासून एएमडीचे कार्ड लावावेच लागते. आरएक्स ६६०० ला मॅकओएस १२.१ किंवा त्यापुढील आवृत्ती लागते, आणि आरएक्स ७००० मालिका चालत नाही. गेमिंगसाठी घेतलेले आरटीएक्स कार्ड ‘काहीतरी करून चालेल’ असे सांगणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवून महिने वाया घालवू नयेत.

इन्स्टॉलर आणि अपडेट

रिकव्हरी सर्व्हरशी संपर्क होत नाही, असा संदेश आल्यास इंटरनेटच्या आधी तारीख पाहावी. सेल संपून घड्याळ मागे गेले असेल, तर सुरक्षित जोडणी नाकारली जाते. रिकव्हरीतील टर्मिनलमध्ये ‘डेट’ आज्ञा देऊन किंवा बायोसमध्ये तारीख दुरुस्त करावी. बहुतेक अँड्रॉइड फोनांची यूएसबी टेदरिंग मॅकओएसमध्ये आपोआप ओळखली जात नाही. वायफाय राउटरपासून लॅन केबल ओढून, बोर्डावरील रियलटेक किंवा इंटेल लॅनचा केक्स्ट घालून काम करणे सर्वांत खात्रीचे आहे.

अपडेटच्या वेळी संगणक अनेकदा आपोआप रीस्टार्ट होतो आणि प्रत्येक वेळी यादीतील ‘मॅकओएस इन्स्टॉलर’ हीच नोंद निवडली जावी लागते. मधे एकच ओळ बराच वेळ पडद्यावर दिसली, तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर बटणाला हात लावू नये. अपडेटपूर्वी ओपनकोअर, लिलू आणि लिलूवर अवलंबून असलेले केक्स्ट अद्ययावत करावेत. लग्नसराई चालू असताना, एखाद्या घराचे चित्रीकरण अर्धवट संपादित असताना, मोठ्या अपडेटला हात घालू नये. ज्याचा कार्यक्रम पुन्हा होणार नाही, त्याच्या फुटेजची एक प्रत वेगळ्या डिस्कवर असल्याशिवाय तर मुळीच नाही. २०२५ मध्ये आलेली टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची मोठी आवृत्ती आहे, आणि तीतून ॲपलएचडीए हा ध्वनीचा ड्रायव्हरही काढून टाकलेला आहे. त्यामुळे ज्यांचे यंत्र सिक्वोयावर स्थिर चालते आहे, त्यांनी केवळ नव्याच्या ओढीने पुढे जाऊ नये, असे मी आवर्जून सुचवेन.

यंत्र सुरू झाल्यानंतर

यंत्र सुरू झाल्यावर लगेच ‘-व्ही’ काढून टाकण्याची घाई करू नये. भिंतीवरचा स्विच बंद करून रात्रभर ठेवावे आणि सकाळी यंत्र सुरू होते का, ते पाहावे. स्लीप आणि रीस्टार्ट हेही एकदा तपासावेत. सगळे ठीक असेल, तर सिक्युअरबूटमॉडेल पूर्ववत करावे आणि त्या बदलानंतर पुन्हा एकदा बूट करून पाहावे. शेवटी चालू अवस्थेतील संपूर्ण ईएफआय फोल्डर एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या लहान पेनड्राइव्हवर कॉपी करावा, बायोसच्या बूट मेनूतून त्या पेनड्राइव्हवरून मॅकओएस प्रत्यक्ष सुरू करून पाहावे, आणि त्यावर तारीख व मॅकओएसची आवृत्ती लिहिलेली चिठ्ठी चिकटवून तो कॅबिनेटजवळच ठेवावा. यापुढे कॉन्फिग फाइलमधील प्रत्येक नवा बदल आधी या पेनड्राइव्हवर करावा. त्यावरून यंत्र नीट सुरू झाले, तरच तो अंतर्गत डिस्कवर न्यावा.